सुरीची उशी

इस्पितळाच्या स्वयंपाकघरात तिला सगळे खटखट मावशी म्हणत. हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नाही, पण का ठेवलं ते कोणाला विचारावंही लागत नसे. मागच्या दारातून आत पाऊल टाकलं की आधी तिच्या सुरीचा आवाज कानावर यायचा आणि मग ती दिसायची. खिडकीखाली लांबलचक टेबल, त्यावर जाड लाकडी फळी, डाव्या हाताला धुतलेल्या भाज्यांच्या टोपल्या, उजव्या हाताला मोठं पातेलं आणि मधोमध मावशी. अंगानं बारकी, पण उभी अशी राहायची की जणू टेबल तिनंच धरून ठेवलंय, हिनं हात काढला की ते कोसळणार.

या स्वयंपाकघरात ती आली तेव्हा ताटं घासायला आली होती. नवरा शिंपी, दुकान नवंनवं, गिऱ्हाईक कमी आणि पदरात लहान मुलगा. एक दिवस भाजी चिरणारी बाई आली नाही, तेव्हा कोणीतरी हिच्या हातात सुरी दिली आणि म्हणालं, आजचा दिवस बघ जरा. तो आजचा दिवस अजून संपला नव्हता. मुलाचं शिक्षण झालं, लग्न झालं, घरात सून आली, नवऱ्याचं दुकान चाललं, मग त्याच्या डोळ्यांनी साथ सोडली म्हणून थोडं आवरतं घेतलं, आणि मावशी आपली खिडकीखाली उभी.

तिचा एक सिद्धांत होता. गाजराचा एकच तुकडा मोठा राहिला तर तो कच्चा राहतो, आणि नेमका तोच दात नसलेल्या माणसाच्या ताटात जातो. पातेल्यात शेकडो तुकडे असोत, तो तुकडा रस्ता शोधत बरोबर तिथेच पोचतो. म्हणून सगळे तुकडे सारखे. पोटाचं ऑपरेशन झालेला, तापातून उठलेला, बोळक्या तोंडाचा, ज्याच्या ताटात पडेल त्याला चमच्यानं दाबलं की विरघळला पाहिजे. यात ती कधी कोणाचं ऐकून घेत नसे.

आणि तिची एक सवय होती. एक घाणा चिरून झाला की ती फळीवरची भाजी पातेल्यात लोटायची आणि पात्याला चिकटलेलं झटकायला सुरीची धार पातेल्याच्या काठावर दोनदा आपटायची. टण टण. पलीकडे शेगडीशी उभा असलेला पातेलेवाला दादा पाठमोरा असला तरी त्याला कळायचं की भाजी तयार आहे. तो यायचा, पातेलं उचलायचा, आच वाढवायचा. तोंडानं कोणी काही बोलत नसे. वर्षानुवर्षं त्या स्वयंपाकघरातली शेगडी मावशीच्या टणटणीवर पेटत आली होती.

मग मनगटाचं सुरू झालं.

आधी नुसती कळ यायची. मग सकाळी उठल्यावर बोटं मिटायची नाहीत. मावशीनं मनगटाला फडकं गुंडाळलं आणि कोणी विचारलं तर भाजलंय म्हणून सांगितलं. सुरी जुनी, जड, खाटकाच्या हातात शोभेल अशी. धार लावून लावून अर्धी झिजलेली, तरी वजनाला काही कमी नाही. ती उचलायची आणि आपटायची, उचलायची आणि आपटायची. दुपारपर्यंत हात असा व्हायचा की कपाची दांडीही धरवत नसे. चहा डाव्या हातानं प्यायला लागली, तेव्हा पातेलेवाल्या दादानं एकदा टोकलंच.

"मावशी, उजव्या हाताशी भांडण झालंय का?"

"तुला काय करायचंय? माझे हात, माझं भांडण."

पण भाजी काही लपत नाही. गाजराचे तुकडे लहानमोठे पडायला लागले. एक दिवस वरच्या मजल्यावरून एक ताट तसंच्या तसं परत आलं. कडेला भोपळ्याचे चार तुकडे काढून ठेवलेले, त्यावर हिरड्यांचे ठसे. मावशीनं ते ताट पाहिलं आणि धुवायला दिलं नाही, स्वतः धुतलं.

संध्याकाळी व्यवस्थापिका बाईंनी तिला बोलावलं. बाई तरुण, सरळ बोलणाऱ्या. आवाज चढवत नसत, त्यामुळे त्यांचं बोलणं जास्त लागायचं.

"मावशी, बसा. मनगट दाखवा."

मावशीनं फडकं सोडलं. बाईंनी सुजलेलं मनगट पाहिलं.

"भाजी चिरायचं मशीन घ्यायचं म्हणतेय. महिनाअखेरीला मागणी पाठवीन. तुम्ही ताटांच्या खिडकीवर या. काम हलकं आहे, बसून आहे."

"ताटं मोजायची?"

"मोजायची आणि द्यायची."

"बाई, मशीन भाजी चिरत नाही, चेचतं. पाणी सुटतं. मग ती शिजत नाही, उकडते."

"असेल. पण ती चेचलेली भाजी सगळी सारखी चेचलेली असेल. आज ताट परत आलं, तुम्ही पाहिलंत." बाई जरा थांबल्या. "मला तुमच्या हाताशी वाकडं नाही. तुकडे पूर्वीसारखे पडले आणि ताटं रिकामी आली तर महिनाअखेरीला मी मशीनचं नाव काढणार नाही. पण नाही पडले तर मग माझ्याशी वाद घालायचा नाही."

"नाही घालणार," मावशी म्हणाली आणि फडकं पुन्हा गुंडाळलं. या वेळी जरा घट्टच.

घरी नवरा दिव्याखाली सदऱ्याला बटण लावत बसला होता. त्याला सगळं सांगून झालं. त्यानं सुई तोंडात धरून ऐकलं. सुई तोंडात असली की तो चांगलं ऐकायचा, कारण मध्ये बोलता येत नसे.

"तुझा हात बिघडला नाही," सुई काढून तो म्हणाला, "तुझी सुरी बिघडलीय."

"सुरी चांगली आहे माझी."

"चांगली होती. माझा अंगठा कामातून गेला तेव्हा मी काय केलं? जुनी लोखंडी कात्री पेटीत टाकली आणि हलकी घेतली. आठवडाभर तिचं तोंड बघवत नव्हतं मला. पण कापड कापलं ना?"

"अहो, कापड आणि भोपळा यात फरक आहे."

"आहे. कापड जास्त महाग."

सून आतून हसत आली. तिच्या ऑफिसातल्या कोणा मैत्रिणीच्या घरी जपानी सुरी होती, ती म्हणे कागदासारखी पातळ, पिसासारखी हलकी. तिनं फोनवर चित्रं दाखवली. चकचकीत पाती, त्यावर पाण्याच्या लाटा उठाव्यात तशी नक्षी.

शिंप्यानं चष्मा वर सरकवून पाहिलं. "हे पातं आहे का पडद्याचं कापड?"

"आई, एकदा बघून तर या," सून म्हणाली. "हातात घेऊन बघा. नाही आवडली तर नका घेऊ."

 सकाळी मावशीनं पिशवीत दोन गाजरं, एक कांदा आणि भोपळ्याची एक फाक घातली.

"हे कशाला?" नवऱ्यानं विचारलं.

"दुसऱ्याच्या गाजरावर मी सुरी पारखत नाही."

सुनेनं सांगितलेलं सुरीचं दुकान एका गल्लीच्या तोंडाशी होतं, अरुंद आणि खोल. भिंतीला लाकडी पट्ट्या आणि त्यावर ओळीनं सुऱ्या. आतल्या बाजूला नळ, नळाखाली चपटे दगड आणि त्यांच्यापुढे उभा राहून एक माणूस पातं घासत होता. केस पिकलेले, हात पाण्यानं सुरकुतलेले.

"या आजी," तो म्हणाला.

"मावशी म्हणा. आजी म्हणालात तर सुरी विकली जाणार नाही."

"या मावशी," त्यानं लगेच सुधारलं. "काय चिरता?"

हा प्रश्न मावशीला आवडला. इतर दुकानात आधी किती पैशातली हवी ते विचारतात. तिनं सांगितलं. भाजी, फक्त भाजी, पण भरपूर. उभं राहून. टेबल कमरेच्या जरा वर. आणि मग फडकं सोडून मनगट दाखवलं.

सुरीवाल्यानं तीन सुऱ्या काढून फडक्यावर मांडल्या. पहिली लांब आणि टोकदार, तिच्यावर त्या लाटा होत्या. मावशीचा हात आपोआप तिच्याकडेच गेला. दिसायला राणी. पण गाजर चिरायला घेतलं तशी ती पुढे टोकाकडे झुकायला लागली आणि मनगट तिला सावरायला धावलं. दहाएक तुकडे झाले असतील नसतील, कळ आली.

"ही मांस, मासे, सगळं करणाऱ्या आचाऱ्याची," सुरीवाला म्हणाला. "लांब हात मारायला. तुम्हाला काय करायचीय?"

"मला वाटलं, लाटा आहेत तर..."

"लाटांनी भाजी चिरत नाही. लाटा बघणाऱ्यासाठी."

दुसरी आखूड, पोटाशी जरा गोलाई असलेली, घराघरात चालते तशी. ती बरी होती. मावशीनं कांदा चिरला आणि मान हलवली. वाईट काहीच नाही, पण उगाच पुढेमागे झुलावं लागत होतं. झुलणं म्हणजे मनगट.

तिसरीकडे तिनं पाहिलंच नव्हतं. आयताकृती पातं, टोक नाही, पोट नाही, जणू शाळेतली पट्टी. मूठ साध्या फिक्या लाकडाची.

"हिचं टोक कोणी खाल्लं?"

"भाजीला टोक लागतं का?"

मावशीनं हातात घेतली आणि तिच्या भुवया वर गेल्या. वजनच नव्हतं. तिला वाटलं, मूठ दिली आणि पातं विसरला की काय. भोपळ्याची फाक फळीवर ठेवून तिनं पातं सरळ खाली सोडलं. दाबलं नाही. पातं सालीत शिरलं, गरातून उतरलं आणि फळीला येऊन टेकलं, आवाजसुद्धा झाला नाही. दुसरा तुकडा. तिसरा. धार सरळ असल्यामुळे सगळं पातं एकदम फळीवर बसत होतं, झुलायचं काम नव्हतं. मनगट जागच्या जागी, हलत होतं ते कोपर. तिनं अख्खी फाक चिरली आणि तुकडे बोटानं पसरून पाहिले. पूर्वीसारखे. म्हणजे मनगट दुखायच्या आधी होते तसे.

 दुकानात आनंद दाखवू नये, हे तिला कळत होतं. "गंजते का?" तिनं कोरडेपणानं विचारलं.

"हिची दोन भावंडं आहेत. एक गंजणारी, धार तिला फार झटकन आणि फार छान लागते, पण चिरता चिरता पुसावी लागते. आणि ही, सहसा न गंजणारी, धार लावायला जरा वेळ खाते."

मावशीनं विचार केला. वरून घंटा झाली की हातातलं टाकून ताटं लावायला धावावं लागतं. तेव्हा सुरी पुसायची आठवण राहील, असं ती छातीठोकपणे सांगू शकत नव्हती. "न गंजणारी," ती म्हणाली. "माझा स्वभाव मला माहीत आहे."

सुरीवाल्यानं मग पथ्यं सांगितली. हाडावर नाही, गोठलेल्या वस्तूवर नाही. भोपळ्यात अडकली तर पिळायची नाही. धारेनं फळी खरवडायची नाही. हिचं पोलाद कडक आहे, म्हणून पातळ राहतं, आणि कडक आहे म्हणूनच मोडतं. "तुमची जुनी सुरी मऊ लोखंडाची. तिला मार बसला तर ती वाकते. ही वाकत नाही, हिचा टवका उडतो. कशावर आपटता वगैरे नाही ना?"

"छे," मावशी म्हणाली, "मी कशाला आपटू?"

आणि ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसंच वाटत होतं. किंमत ऐकून ती तिथल्या स्टुलावर जरा बसली, मग उठली आणि सुरी घेतली.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात एक विचित्र गोष्ट झाली. खटखट आली नाही. पातेलेवाला दादा दोनदा मागे वळून बघून गेला. तिसऱ्यांदा जवळच आला.

"मला वाटलं, आज रजा टाकलीत."

"डोळे नाहीत का तुला?"

"डोळे आहेत हो, पण तुम्हाला आम्ही कानानं बघतो."

मावशी हसली. मनगट दुखत नव्हतं. गाजरं, भोपळा, घेवडा, सगळं फळीवरून पाण्यासारखं वाहत होतं. पहिला घाणा झाला, तिनं भाजी पातेल्यात लोटली. आणि मग, तिचं मन पुढच्या टोपलीत असताना, तिच्या हातानं आपलं रोजचं काम केलं.

टण झालं नाही. टिंग झालं. बारीक, कोणीतरी काचेच्या पेल्याला नख मारावं तसं.

मावशीचा हात हवेतच थांबला. तिनं सुरी खिडकीच्या उजेडात धरली. धारेच्या मधोमध अर्धचंद्र. बोटाच्या नखावरचा असतो तेवढा. जो तुकडा तिथे होता तो आता तिथे नव्हता. फळीवर नव्हता, टेबलावर नव्हता. मग तिनं पातेल्याकडे पाहिलं.

आवाज ऐकून दादा आलाच होता, पातेलं उचलायला वाकला होता.

"हात लावू नकोस," मावशी म्हणाली.

"का?"

"शेगडी पेटवू नकोस. यात लोखंड आहे."

दादानं पातेल्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. "मावशी, शोधू आपण. चाळणीत घालून धुऊ. बाईंना कशाला..."

"आणि नाही सापडला तर? कोणाच्या ताटात जाईल ते मला माहीत आहे."

ती स्वतः बाईंकडे गेली आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. अख्खं पातेलं ओतून टाकलं. मावशीनं जुनी सुरी काढली आणि पुन्हा सगळी भाजी चिरली, मनगट ठणकत असताना, ओठ घट्ट मिटून. त्या दिवशी ताटं उशिरा वर गेली आणि सगळ्या मजल्यांवरून विचारणा आल्या. बाई प्रत्येकाला सांगत होत्या, आमच्याकडून उशीर झाला. मावशीचं नाव त्यांनी कुठेच घेतलं नाही.

काम संपल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत, ते बरं केलंत. पण ती सुरी अशी पुन्हा इथे यायची नाही."

"अशी येणार नाही," मावशी म्हणाली. "तुम्ही महिनाअखेर म्हणाला होतात."

"म्हणाले होते."

"मग अजून महिना संपला नाही."

बाईंनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "नाही संपला," त्या म्हणाल्या.

सुरीवाल्यानं पातं डोळ्यांसमोर धरलं. "कशावर आपटलीत?"

"आपटली नाही. नुसती वाजवली."

"वाजवली?"

मग मावशीला ते सगळं सांगावं लागलं. काठ, टण टण, दादा, शेगडी. सांगता सांगता तिचं तिलाच कळत गेलं की ज्याला ती इतकी वर्षं वाजवणं म्हणत होती त्याला बाकीचं जग आपटणं म्हणतं. तिनं पिशवीतून जुनी सुरी काढली. सुरीवाल्यानं तिच्या धारेवरून बोट फिरवलं आणि तिचंही बोट फिरवायला लावलं. सगळी धार दबलेली, वाकलेली, खड्डेच खड्डे. बिचारीनं सगळा मार मुकाट खाल्ला होता.

"द्या इथे, परवापर्यंत टवका घासून देतो," सुरीवाला म्हणाला.

"नको. मला शिकवा."

"मावशी, मनगट..."

"धार तुमच्या हातात राहिली तर मी कायम तुमच्या दारात. आणि मी मोडलीय, मीच नीट करणार. दगड कुठला घेऊ तेवढं सांगा."

त्यानं दोन दगड दिले, एक खरखरीत, एक गुळगुळीत, आणि दुपारभर शिकवलं. दगड पाण्यात भिजवायचा. पातं जवळजवळ आडवं ठेवायचं, पाठीखाली करंगळीचं टोक जाईल न जाईल इतकंच उचलायचं. जोर मनगटानं लावायचा नाही, अंग पुढेमागे करायचं, चालताना डोलतो तसं. आणि घाई करायची नाही. घाई केली की कोन बदलतो आणि मग धार येतच नाही, नुसतं पोलाद झिजतं.

त्यानंतर दिवसा इस्पितळात जुनीच सुरी चालली आणि घरातल्या मोरीशेजारच्या ओट्यावर रोज संध्याकाळी सर्र सर्र सुरू झालं. दगडावरून करडं पाणी ओघळायचं. मुलगा म्हणाला, आई, टीव्हीतलं काही ऐकू येत नाही. मावशी म्हणाली, मग बघ नुसता. अर्धचंद्र काही एका दिवसात मावळणारा नव्हता. टवक्यापर्यंत पोचायला अख्खी धारच मागे सरकवायची होती. पहिल्या संध्याकाळी तर तिला वाटलं, दगडच झिजतोय. दुसऱ्या संध्याकाळी कोन चुकला आणि पात्याच्या कडेला ओरखडे उठले. ती पातं पुसून, ठेवून, उठून गेली. चहा प्यायली. परत येऊन उभी राहिली.

शिंपी स्टूल घेऊन शेजारी बसायला लागला. त्याला राहवायचं नाही. "धार वर करून दिव्याखाली धर," तो एकदा म्हणाला. "जिथे चमक दिसेल तिथे बोथट. चांगली धार दिसतच नाही. कात्रीचं मी असंच बघतो."

मावशीनं धरली. मधल्या भागात एक बारीक चमकती रेघ होती. "मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?"

"विचारलंस कधी? तुझी सुरी चांगली होती ना."

रेघ हळूहळू आखूड झाली, ठिपका झाली आणि एका संध्याकाळी नाहीशी झाली. पातं केसभर अरुंद झालं होतं. मावशीनं टोमॅटो चिरला. पातं नुसतं टेकवलं, बाकीचं टोमॅटोनंच केलं.

पण ती आनंदानं उड्या मारत नव्हती, कारण खरी अडचण दगडानं घासून जाणारी नव्हती. तिनं टोमॅटोच्या फोडी वाडग्यात लोटल्या आणि तिचा हात वर गेला. नवऱ्यानं खसकन तिचं कोपर धरलं. दोघंही वाडग्याकडे बघत राहिले.

"बघितलंत? मी काही केलं नाही. तो आपला आपण जातो."

"हाताला सांगून उपयोग नाही," शिंपी म्हणाला. "हाताला दुसरं काम दे. माझ्या गुरूनं मला काय शिकवलं माहितीये? कात्री हातातून सोडली की तिची जागा ठरलेली. कापडावर नाही, मांडीवर नाही. उजवीकडच्या गादीवर. त्यानं एकदाही मला कात्री आपटू नको म्हणून सांगितलं नाही. गादीवर ठेव, एवढंच सांगितलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं जुन्या जाड कापडाचे थर एकावर एक रचले, चौकोनी शिलाई मारली, वर मेणकापड चढवलं, म्हणजे धुता यावं. हातभर लांब, चारी बाजूंनी काठ. सून म्हणाली, हे तर बाळाचं अंथरूण झालं. शिंपी म्हणाला, सुरीची उशी आहे ही, आणि तू हसू नकोस, तिला झोपायला लागते.

मग घरात रोज बटाटे चिरले जायला लागले. इतके बटाटे की मुलगा जेवायला बसताना आधी ताटात डोकावून बघायला लागला. मावशी चिरायची. फळीवरचं पसरट उलथण्यानं लोटायची, धारेनं नाही. सुरी उशीवर. मग रिकाम्या हातानं शेजारचा लाकडी डाव उचलायचा आणि पातेल्याच्या काठावर टण टण. सुरी उशीवर, डाव हातात. सुरी उशीवर, डाव हातात. शिंपी समोर बसून लक्ष ठेवायचा. हात चुकून पातेल्याकडे निघाला की तो नुसता खाकरायचा. सुरुवातीला त्याला घसा बसेपर्यंत खाकरावं लागलं. मग कमी कमी होत गेलं. एका संध्याकाळी तो अख्खा वेळ न खाकरता बसला आणि शेवटी म्हणाला, "मला आता काय काम आहे इथे?"

"बटाटे सोला," मावशी म्हणाली.

महिना संपायला आला तेव्हा ती बाईंकडे गेली. सुरी फडक्यात गुंडाळलेली, उशी काखेत. बाईंनी पात्यावरून अलगद अंगठा फिरवला, कुठे खाच लागत नाही ना ते पाहिलं, उशी दाबून पाहिली, धुता येते का विचारलं. मग म्हणाल्या, "मी येऊन उभी राहीन. चालेल?"

"उभ्या राहा. बसायला जागा नाहीच तिथे."

त्या दिवशी स्वयंपाकघरात सगळे आपापलं काम करत होते आणि कोणाचंच लक्ष आपल्या कामात नव्हतं. मावशीनं भोपळा घेतला. अर्ध्यात पातं अडकलं, तेव्हा तिनं पिळलं नाही. काढलं, भोपळा फिरवला, दुसऱ्या बाजूनं उतरवलं. मग गाजरं. मग घेवडा. पातं फळीवर टेकत होतं आणि उठत होतं, घड्याळ पलीकडच्या खोलीत असावं इतकाच आवाज. बाई तुकडे उचलून बघत होत्या, एक इथला, एक तिथला, आणि परत ठेवत होत्या.

फळी भरली. मावशीनं उलथण्यानं भाजी पातेल्यात लोटली. पात्याला एक गाजराचा तुकडा चिकटला होता.

हात वर गेला. थोडासाच. दादा शेगडीपाशी मान वळवून बघत होता. मावशीनं चिकटलेला तुकडा बोटानं काढून पातेल्यात टाकला, सुरी उशीवर ठेवली, डाव उचलला आणि काठावर हाणला.

टण टण.

जरा जास्तच जोरात. दादा धावतच आला, पातेलं उचललं, आणि जाता जाता तोंडातल्या तोंडात म्हणाला, "मावशी, बहिरे नाही आम्ही."

ताटं खाली आली तेव्हा बाई स्वतः धुण्याच्या जागेपाशी उभ्या होत्या. त्यांनी वरच्या मजल्याची ताटं एकेक पाहिली. कडेला काढून ठेवलेलं काही नव्हतं. एका ताटात अर्धी भाजी तशीच होती, पण तो माणूस जेवण अर्धवट टाकून घरी गेला होता म्हणे. बाईंनी त्याचीसुद्धा भाजी चमच्यानं दाबून पाहिली. विरघळली.

मग त्या खिडकीखाली आल्या. मावशी सुरी धुऊन पुसत होती, आधी पाठ, मग पातं, धारेला बोट न लावता.

"रुग्णांची भाजी तुमच्याकडे," बाई म्हणाल्या. "पण कर्मचाऱ्यांच्या जेवणाला रोज पोतंभर कांदा लागतो. तो चिरून तुमचं मनगट पुन्हा जाईल. मी लहान मशीन मागवतेय, फक्त कांद्याला. तुम्हाला दिलेला शब्द मोडतेय का मी?"

मावशीनं फडकं झटकलं, सुरी उजेडात धरून एकदा पाहिली. चमक कुठेच नव्हती. तिनं ती उशीवर आडवी ठेवली.

"मागवा," ती म्हणाली. "कांदे घेऊ दे त्याला. रडू दे जरा."